मोडीवाचनाची परीक्षा आणि परीक्षकाची तयारी

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणें, ते कागद वाचणें आणि वाचलेलें प्रसिद्ध करणें, या तीन कामांकडे संशोधकमंडळींचें लक्ष आजवर पुष्कळ गेलें आहे. परंतु वाचणाऱ्यास खरोखर वाचतां येतें कीं नाहीं हें कसें ठरवावें, या चौथ्या कामाचा स्वतंत्र विचार त्या मानानें थोडाच झाला आहे. मोडीचे वर्ग निघतात, वर्गाच्या अखेरीस परीक्षा होते, उत्तीर्णांस प्रमाणपत्र मिळतें, आणि तें प्रमाणपत्र पाहून आपण त्यांच्या हातीं घरचे रुमाल सोंपवितों. मधल्या परीक्षेनें नक्की काय तपासलें, हें मात्र आपण विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

विषयास कारण घडलें तें प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं लालबाग येथील एक चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी होत असतां, माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानें माळ्यावरची ट्रंक खालीं काढली. तींत कोंकणांतून आणलेल्या कागदांचें एक पुडकें निघालें. त्यांतील एका पत्राचें वाचन दोघां तरुणांनीं निरनिराळें करून दिलें. दोघांपाशीं एकाच परीक्षेचें व एकाच श्रेणीचें प्रमाणपत्र होतें. पहिल्यानें पत्राचा सन ‘सबा मया व अलफ’ असा वाचला. दुसऱ्यानें ‘सबैन मया व अलफ’ असा. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. अर्थात् पहिल्याचा सुहूर सन ११०७, तर दुसऱ्याचा ११७०. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. त्या हिशेबानें एकाचें पत्र १७०६–०७ चें झालें, दुसऱ्याचें १७६९–७० चें. एका अक्षरानें त्रेसष्ट वर्षांचें अंतर पडलें! पत्रांत ‘माधवराव पंडित प्रधान’ असा उल्लेख स्वच्छ होता. बाळाजी विश्वनाथास पेशवेपद मिळालें तेंच मुळीं १७१३ मध्यें. तेव्हां १७०६ सालीं माधवराव प्रधान कोठून असणार? दुसऱ्याचें वाचन बरोबर होतें हें उघड आहे. परंतु पहिल्यास दोष देण्यापूर्वीं त्याला उत्तीर्ण करणाऱ्या परीक्षेकडे पाहणें अवश्य आहे. त्या परीक्षेंत काळगणनेचा एकही प्रश्न नव्हता, असें त्यानेंच मला मागाहून सांगितलें.

हा प्रश्न आतां केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरलेला नाहीं. सन २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला. तेव्हां मोडी जाणणाऱ्यांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांतून भासूं लागली. एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहूं लागला, म्हणजे तो शब्द वाचणाऱ्याची पारख कशी झाली हें विचारण्याचा अधिकार त्या कुटुंबासही प्राप्त होतो.

(१) परीक्षा कशाची?

शिक्षणशास्त्रांत परीक्षेचे दोन मुख्य गुण सांगतात. जें मोजावयाचें तेंच मोजलें जाणें ही सप्रमाणता. आणि कोणींही, केव्हांही मोजलें तरी माप तेंच येणें ही विश्वसनीयता. सोनाराचा कांटा रोज तेंच वजन दाखवीत असेल तर तो विश्वसनीय खरा. पण त्या कांट्यानें सोन्याची शुद्धता ठरवूं म्हटलें तर तें माप अप्रमाण होय. मोडीच्या पुष्कळ परीक्षांची गत अशीच होते. छापील पाठांतील एक उतारा बाळबोधींत उतरवून घेतला म्हणजे अक्षरओळख तेवढी मोजली जाते, आणि प्रमाणपत्रावर मात्र ‘मोडीवाचन’ असा शब्द पडतो.

कागद वाचणें या क्रियेचीं अंगें पृथक् करून पाहिलीं तर तीं निदान सहा आहेत. पहिलें अक्षरज्ञान. दुसरें पदच्छेद. मोडींत ओळभर रेघ आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जातात व शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. ह्रस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळीत नाहींत. त्यामुळें ‘मारूनका’ एवढीं अक्षरें ‘मारू नका’ कीं ‘मारून का’ हें मागील-पुढील संदर्भावरूनच ठरतें. संस्कृताध्यायी वाचकांस पदच्छेदाचें महत्त्व सांगावयास नकोच. तिसरें अंग संक्षेपांचें: चांद्र तारखेमागील ‘छ’, राजश्रीबद्दल ‘रा॥’, मुक्कामाबद्दल ‘मु॥’, सुहूर सनाबद्दल ‘सु॥’ इत्यादि. चौथें कालनिर्देश, त्यांत शक, सुहूर, हिजरी, फसली, राज्याभिषेक हे सर्व आले. पांचवें परिभाषा, म्हणजे फारसी-अरबीवरून आलेले महसुली व दरबारी शब्द. सहावें आणि शेवटचें संगति, म्हणजे वाचलेलें वाक्य, त्यांतील व्यक्ति आणि काळ हीं परस्परांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहणें. लालबागच्या पत्रांत पहिला वाचक चौथ्या अंगांत चुकला, आणि सहावें अंग त्याच्या ठायीं असतें तर ती चूक त्याची त्यालाच सांपडती.

म्हणून परीक्षकानें प्रश्न काढावयास बसण्यापूर्वीं या सहा अंगांचें कोष्टक मांडावें. कोणत्या अंगास किती गुण हें ठरवावें. आणि उत्तीर्ण होणाऱ्याकडून पुढें कोणतें काम घ्यावयाचें आहे तें प्रथम लिहून ठेवावें. महसुली नोंदी शोधणाऱ्याची परीक्षा आणि बखरींचें संपादन करणाऱ्याची परीक्षा एक असूं शकत नाहीं.

(२) उतारा कसा निवडावा?

आपल्या जुन्या पंडितपरंपरेंत, विशेषतः मिथिलेंत, शलाकापरीक्षा प्रसिद्ध होती. ग्रंथाच्या पोथींत शलाका खुपसावयाची, ती ज्या पानावर थांबेल तें पान काढावयाचें, आणि विद्यार्थ्यानें त्याच पानाचें व्याख्यान करावयाचें. या रीतीचें मर्म असें कीं, पान परीक्षकही निवडीत नाहीं व विद्यार्थीही निवडीत नाहीं. म्हणून कोणत्याही पानावर जें उत्तर येतें तें सगळ्या ग्रंथावरील अधिकाराचा नमुना ठरतें. आजचें संख्याशास्त्र यालाच यादृच्छिक नमुना म्हणतें. शेकडों वर्षांपूर्वींची ही शलाका मोडीच्या परीक्षकानें पुन्हा हातीं घेण्यासारखी आहे.

मात्र एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. पोथीचीं सर्व पानें बहुधा एका हातचीं असतात; दप्तराचें तसें नाहीं. मोडीच्या वळणाचे यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन असे प्रकार अभ्यासक मानतात. केवळ आंग्लकालीन, टाकानें लिहिलेल्या नीटस कागदांवर शिकलेला विद्यार्थी बोरूनें लिहिलेल्या शिवकालीन पत्रापुढें अडखळतो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून शलाका एकाच ढिगांत न खुपसतां काळ, हस्त आणि विषय यांप्रमाणें कागदांचे वेगळे ढीग करावे व प्रत्येक ढिगांतून एक एक कागद काढावा. त्यांतही छापून प्रसिद्ध झालेलीं पत्रें टाळावीं. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतून निवडून ४५ भाग प्रसिद्ध केले; राजवाड्यांचे साधनखंड तर त्याहून जुने. हीं वाचनें परिश्रमी विद्यार्थ्याच्या दृष्टीखालून गेलेलीं असतात. तशा पत्रावर प्रश्न काढला तर वाचनाऐवजीं स्मरणाची परीक्षा होते.

(३) गुण कसे द्यावे?

भाषेचें उत्तर तपासतांना परीक्षकाचा हात किती हलतो, याचा विचार पश्चिमेकडे प्रथम एज्वर्थ या अर्थशास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास केला. पुढें इंग्लंडांत हार्टोग व ऱ्होड्स यांनीं १९३५ मध्यें आपल्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शालेय परीक्षेच्या इतिहासविषयक १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनीं तपासल्या आणि एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच पत्रिका त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेतल्या. असे एकंदर २१० निर्णय झाले. त्यांपैकीं ९२ ठिकाणीं परीक्षकाचा दुसरा निर्णय त्याच्याच पहिल्या निर्णयाहून निराळा पडला! हा विषय इतिहासाचा होता, हें आपणांस विशेष लागू आहे. प्रस्तुत लेखकानें शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असतां एकदां आपणच तपासलेले निबंध गुण झांकून पुन्हा तपासून पाहिले होते. दोन्ही वेळचे आंकडे शेजारीं मांडल्यावर जी लाज वाटली ती अद्यापि स्मरणांत आहे.

यावर उपाय तीन. पहिला, विद्यार्थ्याची ओळख परीक्षकापासून लपविणें. चीनमध्यें सोंग राजवटींत (इ. स. ९६०–१२७९) उमेदवाराचें नांव झांकीत असत, इतकेंच नव्हे, तर अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून सगळी उत्तरपत्रिका लेखकांकडून नकलून घेऊन ती नक्कल परीक्षकांपुढें ठेवीत. मोडीचे वर्ग लहान असतात व शिक्षकच बहुधा परीक्षक असतो. तेथें ही दक्षता अधिकच हवी.

दुसरा उपाय, दोन परीक्षकांनीं स्वतंत्रपणें तपासणें. दोघांचा मेळ किती, तें मोजतांना एक सावधगिरी ठेवावी. दोघेही परीक्षक शंभरांतील ऐशीं विद्यार्थ्यांस उत्तीर्ण करणारे असतील, तर त्यांनीं डोळे मिटून निकाल दिला तरी सरासरीनें शंभरांत ६८ ठिकाणीं त्यांचें मत जुळेल. कारण दोघांचाही ‘उत्तीर्ण’ असा शेरा ६४ ठिकाणीं आणि दोघांचाही ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा ४ ठिकाणीं योगायोगानेंच एकत्र येतो. म्हणून सत्तर ठिकाणीं मत जुळलें ही फुशारकी व्यर्थ होय. हा योगायोगाचा भाग वजा करून उरलेला मेळ मोजण्याची रीत जेकब कोहेन यांनीं १९६० मध्यें मांडली; तिला लागणारें गणित शाळेंत शिकलेल्या त्रैराशिकापलीकडचें नाहीं.

तिसरा उपाय, चुकांचें तारतम्य आधीं ठरवून ठेवणें. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीं वध झाला, त्या प्रसंगाची ‘ध चा मा’ ही आख्यायिका महाराष्ट्रांत पोरासोरांसही ठाऊक आहे. ‘धरावें’ चें ‘मारावें’ झालें, अशी ती कथा. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूस ठेविली तरी परीक्षकास तिच्यांत मोठा धडा आहे. अक्षरें मोजून गुण देणारा परीक्षक ‘ध’ चा ‘मा’ वाचणाऱ्याचा एकच गुण कापील, आणि तितकाच गुण ‘आणि’ बद्दल ‘आणी’ लिहिणाऱ्याचाही कापील. वास्तविक एका चुकीनें जीव जातो, दुसरीनें कांहींच बिघडत नाहीं. यास्तव चुकांचे तीन वर्ग करावे: अर्थ, नांव, रक्कम किंवा काळ बदलणारी, वाक्य संदिग्ध करणारी, आणि केवळ लेखनाची. पहिल्या वर्गाची चूक करून ती न ओळखणाऱ्यास एकंदर गुण पुरेसे असले तरी उत्तीर्ण करूं नये. उलट, अक्षर लागत नाहीं तेथें जो प्रामाणिकपणें प्रश्नचिन्ह किंवा रिकामी जागा ठेवतो, त्यास चुकीचें ठोकून देणाऱ्याहून अधिक गुण द्यावे. संशोधनांत अज्ञान कबूल करणें ही योग्यता आहे. परीक्षेनें तिला शिक्षा करणें इष्ट नव्हे.

उत्तरपत्रिका ताडून पाहण्यासाठीं जें नमुन्याचें वाचन करतात, त्याविषयींही दोन शब्द. तें एका विद्वानाच्या अधिकारावर सोडूं नये. दोघां-तिघां अनुभवी वाचकांनीं मूळ कागद वेगवेगळा वाचावा. जेथें एकमत होईल तें वाचन ग्राह्य धरावें. जेथें होणार नाहीं तेथें दोन्ही पाठ मान्य करावे. महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तींत पाठभेद तळाशीं दिले आहेत. तीच शिस्त येथें हवी. कित्येक वेळां परीक्षार्थी बरोबर असतो आणि नमुनाच चुकलेला असतो.

(४) परीक्षेची परीक्षा

नाणें चालनांत आणण्यापूर्वीं पारखून घेतात. प्रश्नपत्रिकाही तशीच पारखून घ्यावी. दहा निष्णात वाचक आणि दहा नवशिके यांना तीच पत्रिका द्यावी. ज्या प्रश्नास निष्णातांपैकीं नऊ व नवशिक्यांपैकीं तीन जणांनीं बरोबर उत्तर दिलें, तो प्रश्न दोहोंतील भेद दाखवितो. ज्यास दोन्हीकडे नऊ-नऊ उत्तरें बरोबर आलीं, तो फार सोपा. त्यानें भेद कळत नाहीं. आणि ज्या प्रश्नांत निष्णात चुकतात व नवशिके बरोबर ठरतात, तो प्रश्न निःसंशय सदोष; त्याचा कागद तरी फाटका असेल, नमुना तरी चुकीचा असेल, किंवा शब्दरचना तरी फसवी असेल. दहा माणसांवरून कायमचा सिद्धांत काढतां येत नाहीं हें खरें. पण उघड दोष सांपडण्यास तेवढी माणसें पुरतात. ही साधी वजाबाकी करून ठेवली तर प्रतिवर्षीं परीक्षा सुधारत जाते. न केली तर तीच चूक वर्षानुवर्षें छापली जाते.

यानंतर प्रमाणपत्राचा मजकूर. युरोपच्या कौन्सिलानें २००१ मध्यें भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यांचा विशेष असा कीं, प्रत्येक पायरीवरील मनुष्य त्या भाषेंत प्रत्यक्ष काय करूं शकतो, तें साध्या वाक्यांत सांगितलें आहे. मोडीच्या प्रमाणपत्रावरही ‘प्रथम श्रेणी’ या मोघम शब्दांऐवजीं ‘पेशवेकालीन खासगी पत्रें कोशाच्या साहाय्यानें वाचूं शकतो, सुहूर व शक सनांचा मेळ घालूं शकतो, शिवकालीन हस्ताची परीक्षा झालेली नाहीं’ असें लिहिलें, तर कागदांच्या धन्यास आपले कागद कोणाच्या हातीं द्यावे तें समजेल. मोडीस २०१४ मध्यें युनिकोडांत स्थान मिळालें व यंत्रानें मोडी वाचण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत. त्या यंत्रांसही हाच मापदंड लावावा लागेल. यंत्र ‘सबैन’ चें ‘सबा’ करीत नाहीं, हें कोणी तरी पाहिलें पाहिजे.

(५) परीक्षकांचा वर्ग

आतां मुख्य मुद्दा. वरील कामें उत्तम मोडी जाणणारा विद्वान् आपोआप करूं शकेल, असा समज आहे. तो बरोबर नव्हे. भाषा जाणणें ही एक विद्या आणि दुसऱ्याचें भाषाज्ञान मोजणें ही दुसरी. पश्चिमेकडे रॉबर्ट लाडो यांचा भाषापरीक्षणावरील ग्रंथ १९६१ मध्यें निघाला. त्यानंतर त्या विद्येचीं स्वतंत्र नियतकालिकें निघालीं आणि संशोधकांसाठीं शिक्षणवर्ग होऊं लागले. आपल्याकडे मोडी शिकविणारे पुष्कळ तयार झाले. मोडीचे परीक्षक तयार करण्याकडे मात्र कोणी वळलें नाहीं.

मुंबईंत या कामाची सामग्री हाताशीं आहे. काळा घोडा येथें एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतींत १८२१ पासून चालत आलेलें सरकारी पुराभिलेखागार आहे. पुराभिलेख खात्याकडून मोडीचे वर्गही होतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचें मराठी संशोधन मंडळ १९४८ पासून आहे. त्याचे पहिले संचालक अ. का. प्रियोळकर यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून मुक्तेश्वराच्या आदिपर्वाचा पाठ सिद्ध केला. पाठ पारखण्याची ती शिस्त परीक्षकास नेमकी उपयोगी पडणारी आहे. गिरगांवांत मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ पासून आहे. अशा संस्थांनीं मिळून आठ दिवसांचा एक वर्ग भरवावा, अशी माझी सूचना आहे. पहिले दोन दिवस सहा अंगांचें कोष्टक व कागदांची निवड. पुढचे दोन दिवस नमुन्याचें वाचन व चुकांचें तारतम्य. नंतरचे दोन दिवस एकच उत्तर सर्वांनीं वेगवेगळें तपासून गुणांतील अंतर फळ्यावर मांडणें. शेवटचे दोन दिवस प्रश्नांची पारख व प्रमाणपत्राचा मजकूर. यांपैकीं पांचवा दिवस सर्वांत उपयोगी ठरेल. आपले गुण शेजाऱ्याच्या गुणांहून किती निराळे पडतात, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून परीक्षकास नम्रता येत नाहीं.

संग्राहक मंडळींकडे एकच मागणें आहे. अशा वर्गास अप्रसिद्ध कागद लागतील. मूळ कागद कोणी देऊं नयेत. स्वच्छ छायाचित्रें द्यावींत, आणि कागद कोणत्या गांवचा, कोणत्या घराण्याकडून आला, एवढें टिपून द्यावें. परळ-लालबागच्या आणि गिरगांवच्या चाळी एकामागून एक उतरत आहेत. माळ्यांवरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जाण्यास आतां वेळ लागत नाहीं. कागद वाचले तर पाहिजेतच, पण ते कोणाकडून वाचले गेले याची खात्रीही पाहिजे. लालबागच्या त्या कुटुंबानें पत्राच्या पाठीशीं १७६९–७० असा सन पेन्सिलीनें लिहून ठेविला आहे. चुकलेला तरुण त्यानंतर माझ्याकडे महिनाभर येऊन काळगणना शिकून गेला. हुशारी त्याच्या ठायीं पहिल्यापासून होती. ती कोठें अपुरी पडते, हें त्याच्या परीक्षेनें त्याला सांगितलें नव्हतें, इतकेंच.